न्हाणीमागचा लसूण

कंधारला पाव्हणा आला की आम्ही त्याला आधी किल्ला दाखवतो. खंदक, बुरूज, दरवाजे बघून झाले की जगत्तुंग तळ्याकडं नेतो, मग दर्ग्याला. क्षेत्रपालाच्या मोठ्या मूर्तीचे दगडी तुकडे बघून पाव्हणा तोंडात बोट घालतो. राष्ट्रकूटांच्या काळात हे मोठं नगर होतं, असं आम्ही सांगतो आणि आमची छाती फुगते. इतिहास म्हणला की आमच्या डोळ्यांपुढं दगडच येतो.

मी शेतकरी माणूस. १९७६ साली दहावी झालो आणि तिथंच शिक्षण थांबलं. कंधारपासून दोन कोसावर आमचं गाव. मन्याड नदीच्या अंगानं काळी जमीन, वर गेलं की बालाघाटाचा मुरमाड उतार. मी इथं जो इतिहास सांगणार आहे, त्यातला एकही दगड शिल्लक नाही. तो आमच्या घरामागच्या चार हात लांब, दोन हात रुंद वाफ्याचा आहे. लसणाच्या वाफ्याचा.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. मागं परसात न्हाणी. न्हाणी म्हणजे काय, दोन शहाबादी फरश्या आणि तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड. अंघोळीचं पाणी एका चारीतून वाफ्यात जायचं. चारीच्या तोंडाला आजी वीट लावून ठेवायची. पाणी हवं तेव्हा वीट काढायची, नको तेव्हा लावायची. चारीच्या काठाला केळीचं एक बेट आणि अळूची चार पानं. साबणाचं पाणी केळीला, साधं पाणी लसणाला, हा तिचा नियम. तसा आमच्या घरात साबण होताच कुठं म्हणा. सणावाराला वडी निघायची.

लसूण लावायचा तो दसरा ते दिवाळीच्या मधी. वाफ्यात कुजलेलं शेणखत आणि चुलीची राख टाकून आजी माती अशी मोकळी करायची, की चाळणीनं चाळल्यासारखी दिसावी. मग वर टांगलेली बियाण्याची जुडी खाली यायची. गड्डी फोडायची ती लावायच्या दिवशीच, आधी नाही. बाहेरच्या अंगाच्या भरदार पाकळ्या बियाण्याला, मधल्या बारक्या चटणीला. पाकळीचं साल काढायचं नाही. मुळ्यांची बाजू खाली, टोक वर, दोन पेरं खोल, दोन पाकळ्यांत चार बोटांचं अंतर. हे सगळं बोटांनीच मोजायचं. आठ-दहा दिवसांत हिरवी टोकं वर यायची.

पुढं थंडी लसणाला लागतेच. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष हे तीन महिने थंडी अंगावर घेतली तर खाली गड्डी धरते. उशिरा लावला तर पात दांडगी येते आणि गड्डी गाठीएवढी राहते. फाल्गुनात पात पिवळी पडून माना टाकायला लागली की पाणी तोडायचं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी उपटायचा, पातीसकट सावलीला वाळवायचा आणि पातीचीच वेणी घालून चुलीवरच्या तुळईला टांगायचा. चुलीच्या धुरात तो राहायचा. वरून काळा पडायचा, आतून पांढरा. लावल्यापासून काढेपर्यंत सव्वाचार-साडेचार महिने. एवढंच ते काम. अंगणात जागा असली आणि घरात अंघोळ होत असली तर कुणालाही जमावं असं.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळाली. आपल्याकडच्या लसणाला बी धरत नाही. ज्वारीचं कणीस मोडून दाणे ठेवता येतात, भेंडी पाठवून बी काढता येतं. लसणाचं तसं नाही. पाकळी हेच त्याचं बेणं, हळदीसारखं, अद्रकीसारखं. गड्डी सहा-आठ महिने टिकते, मग एक तर कोंब काढते नाही तर वाळून पोकळ होते. म्हणजे दरसाल लावावाच लागतो. एक साल खाडा पडला की त्या घरचा लसूण संपला.

दुसरं असं की बी नाही म्हणून नर-मादीचा संकरही नाही. पाकळीतून जे उगवतं ते मागच्याच झाडाचा तुकडा असतो. म्हणजे माझ्या आजीनं हातात धरलेलं झाड आणि तिच्या सासू-आईनं हातात धरलेलं झाड हे एकच. माणसं बदलली, झाड तेच. लसणाचं मूळ मध्य आशियातल्या डोंगराळ मुलखातलं, असं जाणकार सांगतात. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात वाळलेला लसूण सापडला. आपल्या काश्यपसंहितेत लसणावर अख्खा एक कल्प आहे. मधल्या हजारो वर्षांत कुणी ना कुणी दरसाल पाकळी मातीत खोचत आलंय, म्हणून तो आपल्या फोडणीत पडतो. ज्यांनी खोचली त्यांची नावं कुठं नाहीत.

आमच्या घरचा लसूण मुळात आमच्या घरचा नव्हताच. तो आजीच्या माहेरचा, मुखेडकडच्या डोंगरातल्या एका गावचा. लग्न होऊन आली तेव्हा ती पोरसवदा होती. पहिल्या दिवाळीला माहेरी गेली आणि परत येताना तिच्या आईनं ओटीत लसणाच्या गड्ड्या घातल्या. गड्डी बारकी, सालीवर जांभळी झाक, पाकळ्या निमुळत्या आणि सोलायला कठीण. पण तिखट असा की एक पाकळी ठेचली तर वसरीवर बसलेल्या माणसाला कळावं आत काय चाललंय.

त्या वेळी आमच्याकडं निजामाचं राज्य. नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात. व्यवहार हाली सिक्क्यात, सरकारी कागद उर्दूत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्ही आली. ज्वारी घातल्याशिवाय सुटका नव्हती. आजी सांगायची, कणगीत ज्वारी किती हे माणसं येऊन बघायची, पण तुळईला काय टांगलंय ते कुणी बघायचं नाही. लसणावर लेव्ही नव्हती. घरात कालवणाला काही नसलं तरी लसूण, मिरची आणि मीठ असायचं. तव्यावर तेल सोडायचं, ठेचलेला लसूण लाल करायचा, वर मिरचीपूड टाकायची. झाला भुरका. भाकरीला लावून माणूस दिवस काढतो. आमच्या कितीतरी पिढ्या भुरक्यावर निघाल्या.

१९४८ साल लागलं आणि रझाकारांची भीती गावागावात शिरली. ज्यांना शक्य होतं त्यांनी बायकालेकरं दुसरीकडं हलवली. आमचे आजोबा गुराढोरांसाठी मागं राहिले आणि आजी दोन लेकरं घेऊन माहेरी डोंगरात गेली. माझे वडील तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, आत्या आठ वर्षांची. आजीनं सोबत काय नेलं, हे मी तिला लहानपणी कितीदा तरी विचारलं असंल. मला वाटायचं ती दागिन्यांची गोष्ट सांगंल. ती म्हणायची, "सोनं हुतंच कुठं न्यायला? दोन लुगडी, पायलीभर ज्वारी आन लसणाची जुडी." लसूण नुकताच निघाला होता. तो मागं ठेवला असता तर बंद घरात त्याच्याकडं कोण बघणार होतं?

भारताच्या फौजा १३ सप्टेंबरला संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. आपण मुक्तिसंग्राम दिन करतो तो हाच दिवस. आजी आश्विनात परत आली. घराची एक भिंत पावसानं खचली होती, परसात कमरेएवढं गवत. त्या दिवाळीला तिनं गवत काढून वाफा केला आणि माहेराहून माघारी आणलेला लसूण लावला. आमच्या घरात स्वातंत्र्य आलं ते असं. सप्टेंबरात राज्य गेलं, दिवाळीत लसूण लागला.

पुढं हैदराबाद राज्य झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वाफा जागचा हलला नाही, पण त्यानं चार राज्यं बघितली.

मधी जमिनीच्या कामासाठी मी जुन्या कागदांच्या नकला काढल्या. १९५४-५५ च्या खासरा पाहणीत आमचं रान आहे. आजोबांचं नाव आहे, ज्वारी, कापूस आहे. मी उगंच लसूण शोधला. सापडला नाही. सापडणार कसा? तलाठी रानात जातो, न्हाणीमागं कशाला जाईल? त्या कागदांवर आजीचंही नाव नाही. आजोबांनंतर वडलांचं, वडलांनंतर आम्हा दोघा भावांचं. कागदावर जमीन बापाकडून लेकाकडं जात राहिली. लसूण मात्र आईकडून लेकीकडं आणि सासूकडून सुनेकडं. आजीच्या आईनं आजीला दिला. आजीनं १९५६ च्या सुमाराला आत्याला लग्नानंतर दिला. आत्याला आजीच्या माहेराजवळच्याच गावात दिलेलं, म्हणजे लसूण फिरून आपल्याच मुलखात गेला. मग आजीनं माझ्या मायला दिला, म्हणजे हातात खुरपं दिलं आणि वाफा दाखवला. आमच्या घरात लसूण विकायचा नाही, अशी रीत होती. शेजारीण मागायला आली तर तिला उसना द्यायचा. "पुढल्या साली दे" म्हणायचं. माघारी यायचाच असं नाही, पण दिलेला लसूण गावात चार घरी जिता राहायचा. आजीची ती बँक होती, आता माझ्या ध्यानात येतं.

आजी माळकरी. आषाढात कांदेनवमी झाली की चार महिने तिला कांदा-लसूण बंद. चातुर्मास संपायचा कार्तिकी एकादशीला. लहानपणी मला ते देवाधर्माचंच वाटायचं. राहूचा गळा विष्णूनं चिरला, तेव्हा त्यातून अमृताचे थेंब सांडले आणि त्यांचा लसूण झाला, ही जुनी कथा. म्हणून त्यात अमृताचा गुणही आहे आणि राक्षसाचा वासही. पण शेतकऱ्याच्या डोक्यानं बघितलं तर मला त्यात दुसरंही दिसतं. फाल्गुनात काढलेला लसूण आषाढापर्यंत अर्धा सरलेला असतो. पुढं पावसाळा, सादळ, कोंब. नेमके तेच चार महिने खायचा बंद केला की दिवाळीला लावायला बियाणं उरतं. शास्त्र काय असेल ते असो, घरातलं बेणं त्यानं वाचायचं. आजी त्या चार महिन्यांत लसूण तोंडात घालायची नाही, पण दर पंधरा दिवसाला जुडी उतरवून एकेक गड्डी दाबून बघायची. मऊ लागली ती बाजूला. आम्ही लेकरं चातुर्मास पाळत नव्हतो, तेव्हा बाजूला काढलेली आमच्या वाट्याला. आणि सावता महाराजांनी तर मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल बघितला. त्यांच्या अभंगात लसणालाही जागा आहे. तेव्हा आजीचं खाणंही देवाचं आणि न खाणंही देवाचंच.

येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, वाफ्याची खरी किंमत कळायची. रानात कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा करायची. बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. तूर, हरभरा, वाल, मटार असलं हिरवं सगळं त्या भज्जीत पडतं, पण लसणाची हिरवी पात पडल्याशिवाय तिला वास येत नाही. त्या दिवशी आजी पात कापू द्यायची. एका झाडाचं एकच पान, तेही बाहेरचं. मधल्या पोग्याला हात लावला तर खाली गड्डी धरत नाही.

आता १९७२ चं सांगतो. त्या साली मी बारा वर्षांचा, सातवीत. मराठवाड्यात ज्यांचं आता वय झालंय त्यांना बहात्तर म्हणलं की पुढं काही सांगावं लागत नाही. पाऊस गेला. मन्याडच्या पात्रात लोक झिरे काढून वाटीनं पाणी भरायचे. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, तलावाच्या कामावर जायचे. खडी फोडायची, माती वाहायची. कामावर सुकडी मिळायची. रेशनला परदेशातला लाल मिलो. त्याची भाकरी थापली की चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही.

दिवाळी आली. न्हाणीतलं पाणी बंदच झालं होतं. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. चारी कोरडी, वाफा तडकलेला. तुळईला बियाण्याच्या थोड्या गड्ड्या होत्या. लावल्या नाहीत तर पुढल्या साली काही नाही. लावल्या तर पाणी कुठून आणायचं?

आजीनं मागं पडलेला फुटका रांजण उचलला. त्याच्या बुडाला भोक होतंच. त्यात तळाला खापऱ्या, वर माती, शेणखत, राख. त्यात सत्तावीस पाकळ्या लावल्या. रांजण दारात ठेवला आणि घराला हुकूम केला, की जेवल्यावर प्रत्येकानं हात धुवायचा तो रांजणावर. भांडी तर राखेनंच घासायचो. आम्ही सात माणसं, दोन वेळचे चौदा हात. तेवढ्या पाण्यावर तो लसूण उगवला. आजकाल शहरातली माणसं गॅलरीत कुंडीत लसूण लावतात, त्याचं मला नवल वाटत नाही.

पौषात एके दिवशी मी शाळेतून आलो. घरात कुणी नव्हतं. टोपल्यात मिलोची अर्धी भाकरी. रांजणात हिरवीगार पात. मी एक झाड मुळासकट उपटलं आणि मिठाला लावून भाकरीबरोबर खाल्लं. खाली कोवळी गाठ होती, तीही खाल्ली. माती सारखी केली आणि खेळायला गेलो.

सांजच्याला आजीनं हाक मारली.

"कोण उपटलं रं?"

मी गप.

"सत्तावीस हुते. सव्वीस हायत. मी रोज मोजतो."

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया असंच बोलायच्या, 'मोजतो', 'जातो'. मी खाली बघून म्हणालो, "मी खाल्लो."

मला वाटलं आता पाठीत बसणार. आजीनं मारलं नाही. म्हणाली, "भूक लागली हुती, खाल्लास. पर एक झाड न्हाई खाल्लास तू. एकाच्या आठ पाकळ्या. पुढल्या साली आठाच्या किती? त्याच्या पुढल्या साली? शाळंत जातूस न्हवं, कर हिशेब."

मी पाटी घेऊन बसलो. आठ, चौसष्ट, पाचशे बारा, चार हजार शहाण्णव. पाचव्या वर्षाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. आकडा आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. गणितानं रडवायची माझी ती पहिलीच वेळ.

सव्वीस झाडांच्या एकवीस गड्ड्या निघाल्या, सुपारीपेक्षा जरा मोठ्या. त्या साली आजीनं त्यातली एकही खाऊ दिली नाही. १९७३ ला पाऊस झाला आणि लसूण पुन्हा वाफ्यात गेला. दोन-तीन सालांत पहिल्यासारखी जुडी तुळईला लागली. १९८४ साली आजी गेली. तोवर वाफा मायच्या हातात होता, कुणाला फरक कळाला नाही.

आता माझ्या हातून काय झालं ते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव झोपलं होतं. चारला थोडी कमी असताना जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण आमचीही भांडी उतरंडीवरून पडली. आमच्या गावात कुणी दगावलं नाही. लातूर-उस्मानाबादकडं काय झालं ते दिवस उजाडल्यावर कळत गेलं. माणसं मेली ती आमच्यासारख्याच घरांत, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. त्यानंतर किती दिवस आम्ही अंगणात झोपलो. घरात शिरताना मान आपोआप वर जायची. वर्षानुवर्षं ज्या माळवदानं ऊन-पाऊस झेलला, त्याचीच भीती वाटायला लागली.

उन्हाळ्यात कापसाचे पैसे हातात होते, थोडं कर्ज काढलं आणि १९९४ ला मी माळवद पाडलं. सिमेंटचं घर बांधलं. पक्की न्हाणी, संडास, पाण्याची टाकी. हे सगळं मागं घ्यायचं म्हणलं की वाफ्याची जागा त्यात जाणारच. मी गवंड्याला फक्की मारून दिली, तेव्हा माय दारात उभी होती. काही बोलली नाही. लसणाची जुडी तुळईवरून काढून पत्र्याच्या शेडात खिळ्याला अडकवली होती. उन्हाळाभर तो पत्रा तव्यासारखा तापला, पावसाळाभर गळला. चुलीचा धूर नाही, वारा नाही.

दिवाळीच्या आधी मायनं जुडी उतरवली. गड्ड्या हातात घेतल्या तर कागदासारख्या हलक्या. दाबलं की आत भुकटी.

"आवंदा लसूण कुठं लावू रं?" ती म्हणाली. मला वाटतं तिला बियाणं कुठून आणू असं विचारायचं होतं.

मी घराच्या गडबडीत. म्हणालो, "लसूण काय लावायचा, माय? बाजारात ढिगानं पडलाय. आणू की."

"आण मग," ती म्हणाली.

एवढंच. आजीनं रझाकाराच्या काळात वाचवलेला, बहात्तरला चौदा हातांच्या पाण्यावर जगवलेला लसूण मी त्या एका वाक्यात संपवला. आणि मला ते त्या वेळी कळालंही नाही. भूकंपानं आमचा एक माणूस नेला नाही, पण हे नेलं. म्हणजे भूकंपावर तरी कशाला घालायचं? गावातल्या ज्या घरांना आजीनं बेणं दिलं होतं तिथंही हेच झालं होतं. माळवदं गेली, चुली गेल्या, न्हाणीचं पाणी नालीत गेलं.

बाजारचा लसूण मोठा, पांढरा, सोलायला सोपा. मध्य प्रदेशातून गाड्या येतात. माय फोडणीत दोन पाकळ्या जास्त टाकायची, बोलायची नाही. एका साली मी बाजारचाच लसूण आणून रानात बोअरच्या पाण्यावर लावला. कापूस वेचून झाल्यावर लावला, म्हणजे पौष उजाडला. थंडी सरत आलेली. पात गुडघ्याएवढी, खाली गाठी. माय नुसती हसली. नवे वाण वाईट नाहीत, हेही सांगतो. राहुरीच्या विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता आहेत. राजगुरुनगरच्या केंद्राचे भीमा ओंकार, भीमा पर्पल आहेत. पुढं एकदा कृषी प्रदर्शनातून भीमा पर्पल आणून वेळेवर लावला, चांगला निघाला. ज्याला दोन पैसे करायचेत त्यानं ते लावावेत. पण एकरभर लावायचा म्हणजे दोन-अडीच क्विंटल बेणं लागतं आणि भाव कधी पडंल याचा नेम नाही. माझा जीव विक्रीच्या लसणात रमला नाही. २००९ साली माय गेली.

२०२४ साली लसूण किरकोळ बाजारात चारशे रुपये किलोच्या पुढं गेला. चहाच्या टपरीवर तोच विषय. एक दिवस सून म्हणाली, "मामा, टाकीच्या पाठीमागं हातभर जागा हाय. घरापुरता लसूण लावावं म्हणते. बियाणं कुठून आणायचं?"

तिनं साधं विचारलं होतं. मला मात्र तीस वर्षांपूर्वीची माय दारात उभी दिसली.

आत्याचं गाव मुखेडकडं. आत्या जाऊन काही वर्षं झालेली, जाणं-येणं कमी झालेलं. मी मोटारसायकल काढली आणि गेलो. वहिनी न्हाणीमागं घेऊन गेल्या. त्यांची न्हाणीही आता पक्की, पण त्यांनी पाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढून वाफ्यात सोडला होता. एवढीशी गोष्ट. मला १९९४ ला ती सुचली नव्हती.

माडीवर वेणी टांगलेली. बारकी गड्डी, जांभळी झाक. मी पैसे विचारायची चूक केली.

"भावजी, लसूण इकायचा नसतोय म्हणायच्या आत्याबाई," वहिनी म्हणाल्या. नऊ गड्ड्या मोजून माझ्या रुमालात बांधल्या. "उसने हायत. पुढल्या साली माघारी आणा."

मग निघताना म्हणाल्या, "एका साली बेणं कमी पडलं तवा मी मव्ह्या माहेरचं आणून त्यातच लावले. समदा आत्याबाईचाच हाय असं न्हाई म्हणत मी."

तेव्हा हा आमच्याच वाफ्यातला लसूण आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यात आजीच्या माहेरचा असंल, वहिनींच्या माहेरचा असंल. वाट मात्र तीच, एका लेकीकडून दुसऱ्या लेकीकडं.

दिवाळीच्या आधी सुनेनं लावला. बाहेरच्या पाकळ्या निवडायच्या, टोक वर, चार बोटं अंतर, हे मी तिला दाखवलं. एकाहत्तर पाकळ्या लागल्या. मीही मोजायला शिकलोय. त्या साली येळवस ३० डिसेंबरला आली. भज्जीसाठी पात किती कापू, असं सुनेनं विचारलं. मी म्हणालो, एका झाडाचं एक पान, बाहेरचं. फाल्गुनात चौसष्ट गड्ड्या निघाल्या. ठेचा करायला एक पाकळी दगडावर ठेचली, तेव्हा वास समोरच्या खोलीपर्यंत आला. मी तिथंच बसलो होतो.

नऊ गड्ड्या वहिनींना नेऊन दिल्या. त्यांनी मोजून घेतल्या. चार नांदेडला लेकीला दिल्या. तिच्याकडं माती नाही, तिसऱ्या मजल्यावर गॅलरी आहे. म्हणाली, कुंडीत येईल का? मी तिला फुटक्या रांजणाची गोष्ट सांगितली. बियाण्याची वेणी सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलेली आहे. धूर नाही, पण वारा आहे. सून पंधरा दिवसाला उतरवते आणि एकेक गड्डी दाबून बघते. मी तिला ते सांगितलं नव्हतं.